एन्झाइम चालत नाही, आणि पीएचडीसुद्धा

मॅडम, नमस्कार.

पीएचडीचं तिसरं वर्ष संपत आलंय. निसर्गात नसलेलं एन्झाइम, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणारं प्रोटीन, कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं आणि ते एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग) तोडतं का बघायचं, असा माझा विषय आहे. आतापर्यंत तीसेक डिझाइन्स करून पाहिली. निम्म्याहून जास्त ई. कोलायमध्ये (प्रोटीन बनवून घ्यायला वापरतो तो जिवाणू) गोळा होऊन तळाशी बसतात, विरघळतच नाहीत. विरघळली त्यांत काही ॲक्टिव्हिटी नाही. फक्त एका डिझाइनने दोनदा ब्लँकच्या (एन्झाइम नसलेल्या नमुन्याच्या) वर रीडिंग दिलं होतं. नवी बॅच केली तर तेही गेलं. गाइड म्हणतात, आणखी एक राउंड करू. माझ्याबरोबर लागलेल्या मुलाचे दोन पेपर आले. बातम्यांत वाचते की एआय आता आठवड्याभरात एन्झाइम बनवतं. घरून फोन आला की पहिला प्रश्न 'कधी संपणार?'

मला तीन गोष्टी विचारायच्यात. ते दोनदा आलेलं रीडिंग लॅब मीटिंगमध्ये दाखवू का? माझ्यातच काही कमी आहे का? आणि हे सोडून देऊ का? एकेरीत उत्तर दिलंत तरी चालेल.

— तिसऱ्या वर्षातली

---

तुझ्याच क्रमाने जाते. पहिल्या प्रश्नाचा नीट निकाल लागला तर पुढच्या दोघांमधली बरीच हवा निघून जाईल, असं मला वाटतं.

रीडिंग दाखव. पण 'ॲक्टिव्हिटी आली होती' म्हणून दाखवू नकोस आणि 'बहुतेक काहीतरी गडबड असेल' असं पुटपुटत तर अजिबात नको. ते रीडिंग कशाचं असू शकतं, याच्या तीन-चार शक्यता मांड आणि त्या एकेक करून कशा बाद करणार ते सांग. त्यासाठी आधी थोडा हिशेब करावा लागेल. तो इथेच करू.

तू पॅरा-नायट्रोफिनाइल ॲसिटेट वापरत असशील असं धरते. एस्टरवर काम करणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. एस्टर तुटला की पिवळा रंग येतो, ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो, एका दुपारी अख्खी प्लेट होते. पण हा एस्टर तुटायला टपलेलाच असतो. बफर जरा अल्कलाइन असला की आपसूक तुटतो. प्रोटीनच्या पृष्ठभागावरची हिस्टिडिन, लायसिन ही अमिनो आम्लं त्याला तोडतात. आणि इमिडाझोल नावाचा छोटा रेणूही तोडतो.

शुद्ध करताना निकेल कॉलमला चिकटलेलं हिस-टॅगवालं (हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं) प्रोटीन तू कशाने उतरवतेस? इमिडाझोलनेच. एन्झाइमचं साधं मॉडेल म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात ज्या रेणूंचा कसून अभ्यास केला त्यांत इमिडाझोल होतं, आणि ते नेमकं याच एस्टरवर. पहिल्या दोन वेळी डायलिसिस (प्रोटीनच्या द्रावणातले छोटे रेणू काढून टाकणं) घाईत उरकलं गेलं असेल आणि नव्या बॅचला नीट झालं असेल, तर ॲक्टिव्हिटी 'गेली' याचा अर्थ इमिडाझोल गेलं एवढाच निघू शकतो. तेव्हा ब्लँक म्हणून तू काय घेतलंस ते वहीत बघ. बाटलीतला ताजा बफर घेतला असशील तर तो ब्लँक कामाचा नाही. प्रोटीन कॉन्सन्ट्रेटरमध्ये फिरवल्यावर गाळणीखाली जे उतरतं ते ब्लँक म्हणून घे. प्रोटीन सोडून बाकी सगळं त्यात असतं. दोघांच्या आलेखाचा उतार सारखा आला तर निकाल लागला: काम प्रोटीनचं नव्हतं.

दुसरा हिशेब कागदावरच होतो. किती प्रॉडक्ट तयार झालं आणि किती प्रोटीन घातलं होतं, हे दोन आकडे शेजारी लिही. तो पिवळा पदार्थ, पॅरा-नायट्रोफिनॉल, पूर्ण आयनित असेल तर त्याचा मोलर गुणांक (एक मोलर द्रावण १ सेंटीमीटरमध्ये किती प्रकाश शोषेल तो आकडा) साधारण १८,००० धरतात. म्हणजे १० मायक्रोमोलर प्रोटीनच्या प्रत्येक रेणूने फक्त एकदाच एस्टर तोडला, तर १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१८ एवढं रीडिंग चढेल. प्लेटमध्ये द्रवाची उंची कमी, तर त्या प्रमाणात कमी. तुझा आलेख सुरुवातीला झपकन वर जाऊन याच आसपास आडवा झाला असेल, तर तुझ्या सेरिनने (एस्टर तोडायला बसवलेल्या अमिनो आम्लाने) एस्टर एकदा तोडला, ॲसिल गट, म्हणजे एस्टरचा आम्लाकडचा तुकडा, स्वतःवर घेतला आणि मग सोडलाच नाही, अशी शक्यता आहे. त्याला एन्झाइम म्हणता येणार नाही, कारण एन्झाइमने एक काम उरकून पुढच्याला हात घालायचा असतो. पण हे शून्यही नव्हे. अर्धी रिॲक्शन झालेली आहे आणि ती कुठे अडली ते तुला ठाऊक आहे. यावर थीसिसचं एक प्रकरण उभं राहतं.

तिसरी शक्यता भेसळीची. इथे एक जुनी गोष्ट सांगते, कारण या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच महिन्यात सांगायला हवी आणि सहसा कोणी सांगत नाही. २००४ साली 'सायन्स'मध्ये एक पेपर आला: रायबोज ही साखर नुसती पकडणाऱ्या प्रोटीनमध्ये कॉम्प्युटरने बदल सुचवून त्याचं ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज हे एन्झाइम केलं. मोठा गाजावाजा झाला. दुसऱ्या लॅबने तीच प्रोटीन्स जास्त काटेकोरपणे शुद्ध केल्यावर ॲक्टिव्हिटी नाहीशी झाली. जे मोजलं गेलं होतं ते ई. कोलायचंच नैसर्गिक आयसोमरेज होतं, शुद्धीकरणातून चिकटून आलेलं. २००८ साली पेपर मागे घेतला गेला.

हे नैसर्गिक आयसोमरेज इतकं वेगवान आहे की सब्स्ट्रेट (ज्यावर एन्झाइम काम करतं तो रेणू) येऊन आदळण्याच्या वेगावरच त्याचं काम अडतं. तेव्हा त्याचा कणभर अंशही पुरतो. तुझ्या बाबतीत गणित असं: समज, तुझं डिझाइन ई. कोलायच्या एखाद्या एस्टरेजपेक्षा लाखपट मंद आहे. पहिल्या पिढीच्या डिझाइनला हे अगदी शोभेसं आहे. मग तुझ्या एक लाख रेणूंमागे त्या एस्टरेजचा एक रेणू शिल्लक राहिला, तरी मोजलेल्या ॲक्टिव्हिटीतली निम्मी त्याची. लाखात एक जेलवर (प्रोटीन वजनानुसार वेगळी होतात तिथे) दिसत नाही. कूमासीने रंगवलेल्या जेलवर एकच स्वच्छ पट्टी आली म्हणून प्रोटीन शुद्ध, हे बाकी कामांत चालून जातं, इथे नाही.

मग करायचं काय? तुझ्या डिझाइनमधलं सेरिन बदलून ॲलनिन केलेला म्युटंट बनव, आणि मूळ डिझाइन, हा म्युटंट व रिकाम्या प्लाझ्मिडच्या (डिझाइनचा जीन न घातलेल्या) पेशी ही तिन्ही एकाच दिवशी, त्याच बफरने, त्याच कॉलमवरून त्याच फ्रॅक्शनपर्यंत ने. वेगवेगळ्या दिवशी केलंस तर तुलनेला अर्थ राहत नाही. फ्लुओरोफॉस्फोनेटचा चमकणारा प्रोब मिळाला तर सोन्याहून पिवळं: तो फक्त सक्रिय सेरिनला चिकटतो, मग जेल चालवून बघायचं की चमक तुझ्या प्रोटीनच्या वजनावर आहे की भलत्याच ठिकाणी. भलत्या ठिकाणी असेल तर चोर हातोहात सापडला.

मीटिंगमध्ये हे सगळं एका स्लाइडवर मांड. अनुभवी ऐकणारा 'रीडिंग खरं आहे का' यापेक्षा 'हिला शंका कुठे कुठे आली' हे आधी बघतो.

आणि वही. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना डायरेक्टेड इव्होल्यूशनसाठी (एन्झाइममध्ये बदल करत, दर फेरीला सर्वांत चांगलं निवडत जाणं) २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या लॅबमधून २०१९ साली आलेला बीटा-लॅक्टम संयुगांवरचा एक पेपर त्यांनी २०२० च्या जानेवारीत मागे घेतला आणि तसं स्वतःहून जाहीर सांगितलं. काम पुन्हा करून पाहिलं तर जमेना, आणि मुख्य प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी व मूळ डेटा लॅबच्या वहीत सापडेना. तुझ्या दोन बॅचचा वॉश किती इमिडाझोलने केला, डायलिसिस किती तास चाललं, हे आज तुला वहीत सापडतंय का? सापडलं तर प्रश्न अर्धा सुटलेला आहे. नाही सापडलं तर दोन्ही बॅच पहिल्यापासून कराव्या लागतील, आणि मग तुला कोणी काही सांगायची गरज उरणार नाही.

आता दुसरा प्रश्न, तुझ्यात काही कमी आहे का. तुझ्या पत्रातून मला तसं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की कितीपैकी किती चालणं हे या कामात नेहमीचं आहे, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. कॉम्प्युटरवर प्रोटीन घडवणारे डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००८ साली केम्प एलिमिनेशन या रिॲक्शनसाठी ५९ डिझाइन्स तपासली, ८ चालली. रेट्रो-अल्डोलेजची (कार्बन-कार्बन बंध तोडणारी) ७२ तपासली, ३२ मध्ये थोडीफार ॲक्टिव्हिटी दिसली. २०१० च्या डील्स-अल्डर रिॲक्शनच्या कामात ८४ पैकी ५० विरघळली आणि त्यांतली फक्त २ चालली. ही जगातल्या सर्वांत अनुभवी हातांची, भरपूर माणसं आणि मशिन्स हाताशी असतानाची गोष्ट. याच माणसाला २०२४ साली नोबेल मिळालं. शिवाय चाललेली डिझाइन्ससुद्धा निसर्गातल्या एन्झाइमांपुढे रांगत होती. तुझ्या तीसमधून एक संशयास्पद रीडिंग येणं हे नामुष्कीचं नाही. अशा कामात पहिल्या फेरीला साधारण असंच होतं.

असं का होतं तेही पाहू, कारण तुझा पुढचा रस्ता त्यातूनच निघेल. आपण कॉम्प्युटरवर ट्रान्झिशन स्टेट (रिॲक्शन अर्ध्यावर असतानाची रेणूची स्थिती) धरून तिच्याभोवती अमिनो आम्लं मांडतो. ते चित्र स्थिर असतं. प्रोटीन स्थिर नसतं. पुतळ्याच्या मापाने शिवलेला सदरा चालत्या माणसाला काखेत काचतो, तसंच काहीसं. बाजूची साखळी वळते, पाणी आत शिरतं, ज्या हिस्टिडिनने प्रोटॉन घ्यायचा ते अर्ध्या अँगस्ट्रॉमने सरकतं, आणि संपलं. एस्टरच्या बाबतीत तर एकाऐवजी लागोपाठच्या अनेक अवस्था सांभाळाव्या लागतात. एका अवस्थेला अगदी बेताचं बसलेलं डिझाइन पुढच्या अवस्थेला आडवं येतं.

एचजी-१ नावाच्या डिझाइनची हकिगत तुझ्यासाठी खास काढून ठेवली होती. केम्प एलिमिनेशनसाठीच केलेलं हे डिझाइन साफ फसलं, ॲक्टिव्हिटी शून्य. त्या गटाने ते फेकलं नाही. त्याचा क्रिस्टल केला, अणूंची हालचाल कॉम्प्युटरवर दाखवणारं मॉलिक्युलर डायनॅमिक्स चालवलं आणि पाहिलं की ॲक्टिव्ह साइट (रिॲक्शन जिथे होते ती जागा) पाण्याला फारच उघडी आहे आणि महत्त्वाच्या साखळ्या जागेवर टिकत नाहीत. मग त्याच सांगाड्यात (मूळ प्रोटीनमध्ये) साइट आणखी खोल नेली. पुढचंही लगेच जमलं नाही. तिसरं, एचजी-३, चाललं. २०१२ साली आलेल्या त्या पेपरचा गाभा 'हे का चाललं नाही' हाच आहे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लॅबने एचजी-३ वर डायरेक्टेड इव्होल्यूशनच्या फेऱ्या करून त्याची कार्यक्षमता शेकड्यांतून दोन लाखांच्या वर नेली. पण आधी ते शून्य कोणीतरी उघडून पाहिलं होतं.

आणखी एक गंमत. आरए-९५ नावाच्या डिझाइनमध्ये माणसाने फार विचार करून एका ठिकाणी लायसिन बसवलं होतं. उत्क्रांतीच्या फेऱ्यांमध्ये ॲक्टिव्ह साइटची अख्खी पुनर्रचना झाली आणि काम दुसऱ्याच जागच्या लायसिनने हाती घेतलं. डिझाइन करणाऱ्याचा हेतू प्रोटीनने धाब्यावर बसवला. त्यात डिझाइन करणाऱ्याची अक्कल कोणी काढली नाही, उलट त्यावर वेगळा पेपर झाला.

तुझ्या बरोबरच्या मुलाबद्दल एवढंच विचारते: तो नैसर्गिक एन्झाइममध्ये बदल करतोय का? बहुधा हो. म्हणजे त्याच्या हातात पहिल्या दिवसापासून चालणारं एन्झाइम आहे, आणि प्रत्येक म्युटंट थोडं जास्त किंवा थोडं कमी असा काहीतरी आकडा देतोच. तुझी सुरुवात शून्यापासून आहे. दोघांची गती ताडून पाहण्यात अर्थ नाही. तो पेपर मोजतोय म्हणून तूही मोजायला लागलीस तर चुकीच्या परीक्षेचा अभ्यास करशील.

एआयच्या बातम्या खोट्या नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला 'सायन्स'मध्येच आलं की नव्याने घडवलेली सेरिन हायड्रोलेज (सेरिनच्या मदतीने तोडणारी एन्झाइम) एस्टर पुन्हा पुन्हा तोडतात, म्हणजे तुझाच विषय. तो पेपर छापून घे आणि त्याच्या आधीची वर्षं वाच. २०१२ साली याच परंपरेतल्या सिस्टीन-हिस्टिडिनवाल्या डिझाइन्स ॲसिल गट घेऊन अडकल्या. २०१४ साली सेरिन अचूक जागी बसलं, प्रोबशी जोडलंही गेलं, पण एस्टर पुन्हा पुन्हा तोडणं काही जमलं नाही. म्हणजे बातमीतल्या 'आठवड्याभरा'मागे दशकाहून जास्त काळ ही अडलेली पायरी आहे, आणि तुझा दुसरा हिशेब बरोबर निघाला तर तूही त्याच पायरीवर उभी आहेस. नवं काय केलं म्हणशील तर त्यांनी रिॲक्शनच्या प्रत्येक टप्प्याला साइट नीट राहते का हे आधी कॉम्प्युटरवर तपासून, नापास डिझाइन्स लॅबमध्ये जायच्या आधीच गाळली. तुझी तीस डिझाइन्स त्या कसोटीवर घालून बघ. कितीतरी जागच्या जागी बाद होतील. का बाद झाली ते लिहिलंस की प्रकरण तयार.

म्हणून 'आणखी एक राउंड' या सूचनेशी मी सहमत नाही, निदान आत्ता तरी नाही. गाइड वाईट आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. मी त्या खुर्चीतही बसले आहे. गाइडकडे पाच-सहा विद्यार्थी असतात. एकाचं नाही लागलं तर दुसऱ्याचं लागतं. त्यांच्या लेखी एक राउंड म्हणजे मीटिंगमधलं एक वाक्य, तुझ्या लेखी सहा महिने. हा फरक त्यांच्या ध्यानात आपोआप येत नाही, तो तूच आणून द्यायचा. 'सर, आता काय करू?' असं विचारत जाऊ नकोस. असं म्हण: या रीडिंगचा निकाल लावायला मला तीन आठवडे हवेत. म्युटंट आणि रिकामा प्लाझ्मिड दोन्ही शून्य आले आणि मूळ डिझाइन चाललं, तर त्यावर डायरेक्टेड इव्होल्यूशन सुरू करू, कारण त्याला सुरुवातीला थोडी तरी ठिणगी लागते. तिघांचं सारखंच आलं, तर हा सांगाडा बंद आणि पुढचे महिने तीस डिझाइन्स का फसली यावर. दोन्ही वाटा प्रयोगाच्या आधी लिहून घे आणि मीटिंगनंतर गाइडना मेलवर पाठव. निकाल हातात आल्यावर ठरवायला बसलं की माणूस स्वतःला पटेल असंच ठरवतो, आणि गाइडही माणूसच.

तळाशी बसणाऱ्या प्रोटीनबद्दल लांबण लावत नाही. इंडक्शन (पेशींना प्रोटीन बनवायला लावणं) कमी तापमानाला आणि रात्रभर कर, सांगाडा शक्य तितका उष्णतेला टिकणारा निवड. तरीही बसलं तर सोड. त्याच्यामागे महिने घालवणारे मी पाहिलेत.

सोडायचं का? हा प्रश्न मी टाळणार नाही, पण रीडिंग गेलं त्या महिन्यात तो सोडवूही नकोस. तीन आठवडे होऊ देत. त्यानंतर मला दोनच गोष्टी बघाव्याशा वाटतात. एक, गाइड थांबायची अट मान्य करतात का. 'बघू', 'करत राहा' याच्यापुढे ते जातच नसतील, तर समितीतल्या दुसऱ्या कोणाशी बोल, गाइड बदलता येतो का ते विचार, आणि नाहीच जमलं तर सोडणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. प्रोटीन बनवून तपासता येणारी माणसं बाहेर हवी असतात. दुसरी गोष्ट तुझ्या पत्रात नाही, म्हणून विचारते: झोप लागते का? जेवण जातं का? बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या साडेतीन हजारांहून जास्त पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ साली छापून आली. त्यात जवळपास एक तृतीयांश जणांना मानसिक आजार होण्याचा धोका दिसला. उत्तर 'नाही' असेल तर एन्झाइम बाजूला ठेव आणि या आठवड्यात समुपदेशकाकडे जा. गाइडची परवानगी लागत नाही.

घरी 'कधी' विचारलं तर वर्ष सांगू नकोस, ते तुलाच माहीत नाही. 'पुढचं काय करायचं ते महिन्याभरात ठरतंय, मग सांगते' एवढं सांग. ते खरं आहे आणि महिनाभर पुरतं.

सेरिनच्या म्युटंटचे प्रायमर (जीनमध्ये बदल करायला लागणारे डीएनएचे तुकडे) आजच मागव. ते हातात पडेपर्यंत वहीतून दोन्ही बॅचचं इमिडाझोल शोध, आणि जुन्या आलेखांवर ०.१८ ची रेघ मारून बघ कुठे बसते.